न दाखवलेल्या चुका

माझी एक चप्पल हरवली होती. दोन्ही गेल्या असत्या तर चोरी झाली म्हणून ओरडता तरी आलं असतं. एकच गेली, म्हणजे कोणीतरी घाईत पायानं उडवलेली... आणि मी क्लासच्या पॅसेजमध्ये एका पायावर उभी राहून रडत होते. खरं तर चप्पल हे नुसतं निमित्त होतं.

"डावी की उजवी?" मागून कोणीतरी विचारलं.

मी ओढणीनं डोळे पुसले आणि वळले. लॅबमधले कॉम्प्युटर चालू-बंद करणारा तो चष्मेवाला मुलगा होता.

"जी नाहीये ती," मी म्हणाले.

तो हसला नाही. गुडघ्यांवर बसला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि चपलांच्या रॅकखाली हात घातला. "इथे एक सॅंडल आहे, जेन्ट्स. एक मोजा. आणि... एक पाल. यातलं काही चालेल?"

"पाल कितीची आहे, आठ नंबर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तेव्हा मात्र तो हसला. चष्म्यामागचे डोळे अगदी बारीक होईपर्यंत हसला. मग जिन्यात उतरला आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणक्लासच्या दारातून माझी चप्पल घेऊन वर आला. माझ्या पायाजवळ ठेवली. हातात दिली नाही, लांबूनही टाकली नाही. वाकून नीट सरळ करून ठेवली. असल्या गोष्टी माझ्या लक्षात राहतात, काय करणार!

"मी निकेत. लॅब असिस्टंट."

"माहितीये, सर."

"सर आत आहेत. मी नुसता निकेत. आणि तू... एररसाठी रडतेयस ना?"

मी मान हलवली, कारण बोलले असते तर रडू पुन्हा सुरू झालं असतं.

दशरथ सरांची एक पद्धत होती. प्रत्येकानं प्रोग्रॅम घरी लिहायचा आणि दुपारपर्यंत क्लासला पाठवायचा. निकेत तो ज्याच्या-त्याच्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवायचा. चारची बॅच सुरू झाली की सर एकेकाच्या खुर्चीमागे उभे राहायचे, प्रोग्रॅम चालवायला लावायचे आणि जेवढे एरर येतील तेवढे खणखणीत आवाजात सगळ्या वर्गासमोर वाचायचे. का आले, ते सांगायचे नाहीत. ते म्हणे ज्यानं-त्यानं शोधायचं. त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा सर वाचतच राहिले. "समिधा आग्रे! ओळ तीन, अनोळखी चिन्ह. ओळ तीन, पुन्हा अनोळखी चिन्ह. ओळ चार, अनोळखी चिन्ह..." ते संपेचना. मागून आमच्या बॅचमधला दिपेश म्हणाला, "सर, पानी लाऊं क्या आपके लिए?" आणि सगळी बॅच हसली.

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. मला तोंड आहे, मी कोणाला ऐकून घेणारी नाही. पण त्या दिवसांत माझ्याकडे हसण्यावारी नेण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

आमची खोली भाईंदरला, खारीगावात. बाबा एका कंपनीची बस चालवायचे. कंपनी भिवंडीच्या पुढे कुठेतरी गेली, तिनं तिकडचे ड्रायव्हर घेतले आणि बाबा घरी बसले. बसले म्हणजे भिंतीकडे तोंड करून झोपले. आई दोन घरी पोळ्या करायची. खोलीचा करार दिवाळीला संपणार होता आणि बाबांनी गुहागरजवळच्या आमच्या गावी काकांना फोन करून टाकला होता, की दिवाळीनंतर आम्ही येतो, मागची पडवी रिकामी ठेवा. एकच गोष्ट आम्हाला भाईंदरला ठेवू शकत होती. काशीगावला, हायवेच्या बाजूला, एका कंपनीत ट्रेनी घेणार होते. कॉलेजच्या मुलांचे प्रोग्रॅम तपासायचे आणि त्यांचे एरर ओळखायचे, हे काम. मी बीएस्सी झालेली होते, गणितात हुशार होते आणि त्या कामाला मी लागले तर बाबा उठून बसतील, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून हा क्लास, आणि म्हणून ते रडणं.

"घरी कशावर लिहितेस?" निकेतनं विचारलं.

"मोबाईलवर. आमच्याकडे काय लॅपटॉप ठेवलाय?"

"हं," तो म्हणाला. एवढंच. मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाला, "उद्या ये. उद्या होईल नीट."

घरी जाऊन मी तो सगळा प्रोग्रॅम मोबाईलवर नव्यानं टाईप केला, एकेक बटण नीट बघून. दुसऱ्या दिवशी सर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. प्रोग्रॅम चालला. एक एरर आला, तोही हिशोबातला, आणि तो मी तिथल्या तिथे काढला. सर काही न बोलता पुढे गेले. सरांकडून एवढंच कौतुक मिळतं.

मी लॅबच्या दाराकडे बघितलं. निकेत तिथे कीबोर्ड उलटा करून झटकत होता. त्यानं नुसती मान हलवली आणि मला उगाचच बरं वाटलं.

त्यानंतर माझा प्रोग्रॅम रोजच चालायला लागला. माझी जागा खिडकीजवळची, शेवटची, जिथल्या कीबोर्डचं एक बटण दाबलं की आतच राहायचं. ते बटण वर काढायला निकेतला यावं लागायचं. किती वेळा यावं लागायचं, ते विचारू नका.

"हे मुद्दाम दाबतेस का तू?"

"मी कशाला? तुझं बटण, तू बघ."

"माझं नाही, सरांचं."

"मग सरांना बोलावू?"

"नको, नको... मीच बघतो."

लेक्सिकल एरर म्हणजे काय, हे मला त्यानंच सांगितलं. क्लासखालच्या टपरीवर, दोन कटिंग घेऊन. "कंपायलर म्हणजे तुझा प्रोग्रॅम कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारा. तो सगळ्यात आधी काय करतो? अर्थबिर्थ काही बघत नाही. एकेक अक्षर वाचत जातो. हे आपल्या भाषेतलं आहे का, एवढंच बघतो. परकं काही दिसलं की तिथेच आडवं येतो. तो लेक्सिकल एरर. वाक्य चुकलंय, गणित चुकलंय... ते सगळं नंतरचं."

"म्हणजे वॉचमन," मी म्हणाले. "गेटवर अडवणारा. घरात काय राडा चाललाय, त्याचं त्याला काही नाही."

"करेक्ट." तो माझ्याकडे बघत राहिला. "असं मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं."

"मग एक कटिंग माझ्याकडून फुकट."

"पैसे मीच दिलेत."

"म्हणूनच फुकट."

तो पुन्हा तसा डोळे बारीक करून हसला आणि मी ग्लासात बघत राहिले. निकेत गिरगावातून लहानपणी इकडे आलेला. आई वासंतीकाकू एका शाळेच्या ऑफिसात, वडील नाहीत. तो बोलायचा कमी आणि करायचा जास्त. लॅबमध्ये कुणाचा पंखा लागत नसला तर कुणी सांगायच्या आत याचा हात बटणावर. माझ्या खुर्चीची दांडी सैल होती, ती एक दिवस घट्ट झालेली दिसली. खिडकीतून ऊन माझ्या तोंडावर यायचं, तिथे एक दिवस जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लागला. मी विचारलं तर म्हणायचा, "असेल कुणीतरी केलं." मला ते फार आवडायचं. माझ्या घरात त्या दिवसांत कोणी कोणासाठी काही करेनासं झालं होतं, त्यामुळे जास्तच आवडायचं.

घरी बाबा भिंतीकडेच असायचे. मी सांगायचे, "बाबा, आज पण चालला प्रोग्रॅम. दिपेशचे पंधरा एरर आले, माझा एक." बाबा हुंकार द्यायचे. एकदा मात्र न वळता म्हणाले, "मग मिळेल म्हणतेस ते काम?"

"मिळणारच," मी म्हणाले. तितक्या ठामपणे मी आयुष्यात काही बोलले नव्हते.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी निकेत म्हणाला, जरा जेसल पार्कच्या चौपाटीवर जाऊन येऊ या का? खाडीवर ढग उतरले होते. परतीचा पाऊस पडावा की पडू नये या विचारात होता, अंगावर नुसते थेंब येत होते. बाकावर बसायला ओलं होतं म्हणून आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. खारवटलेला वारा, चिखलाचा वास, पलीकडे अंधारत जाणारी तिवरं... आणि मध्ये त्याच्या बाहीचा माझ्या बाहीला लागणारा काठ. दोघांनीही हात बाजूला घेतला नाही.

"समिधा," तो म्हणाला, "एक सांगायचं होतं. खूप दिवस झाले... आधीच सांगायला पाहिजे होतं."

मला कळलं, तो काय सांगणार ते. कुठल्याही मुलीला कळतं. आणि मला ते ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं. पण उद्या परीक्षा होती.

"आज नको," मी म्हणाले. "उद्या सांग."

"नाही, ऐक ना, हे उद्याच्या आधीच—"

"निकेत, प्लीज. आज ऐकलं तर उद्या माझं डोकं चालणार नाही. कळत कसं नाही तुला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी लाजत होते बहुतेक, कारण त्याचा चेहरा एकदम बदलला. "बरं," म्हणाला. "उद्या." मग बराच वेळ नुसता खाडीकडे बघत राहिला आणि मला वाटलं, किती हळवा आहे हा मुलगा.

काशीगावचं ऑफिस गार होतं, एसीनं. समोर नीलम मॅडम बसल्या होत्या. पिकलेले केस, कपाळावर चष्मा, आवाज मऊ. स्क्रीनवर एक मोठा प्रोग्रॅम होता. कंपायलर बंद. नुसत्या डोळ्यांनी वाचायचं आणि पहिल्या वाचनात कंपायलर जिथे-जिथे अडेल, तिथे खूण करायची. मी खुणा केल्या. एका नावाची सुरुवातच आकड्यानं होती, केली खूण. एका ठिकाणी ॲटचं चिन्ह घुसलं होतं, केली. वेळेच्या आधी संपवून मी हात मांडीवर ठेवून बसले.

मॅडमनी बघितलं. पुन्हा बघितलं. "आणि हे सगळं सोडलंस?"

"कुठलं, मॅडम?"

त्यांनी पेन्सिल स्क्रीनवर टेकवली. "ही अवतरणचिन्हं बघ. वाकडी आहेत, छापील पुस्तकातल्यासारखी. मोबाईल अशी करतो. कंपायलरला सरळ लागतात. इथे दोन वजांचं मोबाईलनं एक लांब वजा केलंय. आणि हा दहा मराठी कीबोर्डवरून आलाय, मराठी आकड्यांत. आपल्याकडच्या मुलांच्या निम्म्या चुका याच असतात."

"नाही मॅडम, हे चालतं," मी म्हणाले. अगदी खात्रीनं म्हणाले. "मी मोबाईलवरच लिहिते. माझं असंच असतं सगळं. रोज चालतं."

त्यांनी वाद घातला नाही. कंपायलर चालू केला आणि बटण दाबलं. स्क्रीन लाल झाली. अनोळखी चिन्ह, अनोळखी चिन्ह, अनोळखी चिन्ह... अगदी माझ्या त्या पहिल्या दिवसासारखी. मी त्या ओळी वाचत बसले. कानात सरांचा आवाज येत होता.

"तुझं लॉजिक फार छान आहे," मॅडम म्हणाल्या. "पण इथे कामच हे आहे ना. मला वाटतं, तुझं लिहिलेलं कोणीतरी आधी साफ करून देत असणार. असं होतं कधी कधी. एप्रिलमध्ये पुन्हा घेणार आहोत आम्ही. तेव्हा ये."

एप्रिल! आमचा करार दिवाळीपर्यंत होता.

काशीगावहून मी चालत निघाले. रिक्षा दिसत होत्या, पण हात करायचं सुचत नव्हतं. हायवेची धूळ, ट्रकचे भोंगे, आणि डोक्यात एकच वाक्य. कोणीतरी साफ करून देत असणार. कोणीतरी! माझ्या फायली मशीनवर टाकणारा जगात एकच माणूस होता.

क्लासमध्ये दुपारची वेळ, लॅब रिकामी. निकेत मला बघून उठला. त्यानं माझा चेहरा बघितला आणि 'काय झालं' असं विचारलंसुद्धा नाही. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

"माझ्या फायली तू टाकतोस ना कॉम्प्युटरवर?"

"हो."

"जशाच्या तशा?"

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला.

"निकेत, जशाच्या तशा?"

"नाही," तो म्हणाला. "अवतरणचिन्हं सरळ करायचो. मराठी आकडे बदलायचो. तेवढंच. बाकीचं तू स्वतःच—"

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून. एकच दिवस करणार होतो, समिधा. आईशप्पथ. तू पॅसेजमध्ये तशी उभी होतीस... मला वाटलं, उद्या एक दिवस हिला कोणी हसायला नको. मग तू दुसऱ्या दिवशी इतकी खूश झालीस. मग तिसऱ्या दिवशी सांगणार कसं? म्हटलं, सांगू हळूहळू. मग तू घरी तुझ्या बाबांना सांगतेस म्हणालीस, की माझा एकच एरर आला..."

"मला नोकरी नाही मिळाली."

तो खुर्चीचा हात धरून उभा होता.

"काल हेच सांगणार होतो मी," तो हळूच म्हणाला.

आता मला कालची संध्याकाळ आठवली आणि मला माझीच अशी लाज वाटली! आणि त्या लाजेचा राग आला आणि तो सगळा राग त्याच्यावर काढला. "मला वाटलं तू... मला काय वाटलं ते जाऊ दे. मी तिथे त्या बाईंशी भांडले, माहितीये? चालतं म्हणाले. रोज चालतं म्हणाले! मला चूक दिसलीच नाही रे. डोळ्यांसमोर होती आणि दिसली नाही, कारण आजपर्यंत तिच्यासाठी मला कोणी थांबवलंच नाही. तू मला आंधळं करून ठेवलंस."

मी रडत नव्हते. यावेळी चपला दोन्ही जागेवर होत्या, त्या पायात घातल्या आणि निघाले.

घरी मी फक्त "नाही झालं" म्हटलं. आईनं पदर तोंडाला लावला. बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. संध्याकाळी आई डबे पोत्यात भरायला लागली तेव्हा दार वाजलं.

दारात निकेत होता. घाम आलेला, शर्ट चुरगळलेला. "काकू, मी क्लासमधला. काकांशी बोलायचं होतं."

मी त्याला डोळ्यांनी जा म्हणत होते. तो आत आला, उंबऱ्याजवळच उभा राहिला आणि बाबांच्या पाठीशी बोलायला लागला. "काका, तुमच्या मुलीची नोकरी माझ्यामुळे गेली." सगळं सांगितलं त्यानं. चिन्हं कशी बदलायचा, का बदलायचा, कधी सांगायला हवं होतं. काही सोडलं नाही, स्वतःला कुठे वाचवलं नाही. आईला त्यातलं निम्मं कळलं नसेल. पण एक मुलगा घरी येऊन असं का सांगतो, हे तिला बरोबर कळलं, कारण ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

बाबा उठून बसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा चेहरा सरळ समोरून बघत होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"का लपवलंस?" त्यांनी विचारलं.

"रडत होती ती, काका."

"मग रडू द्यायचं होतं."

निकेतनं मान खाली घातली.

"आमची कंपनी जाणार हे साहेबाला वर्षभर आधी माहीत होतं," बाबा म्हणाले. आवाज बसलेला होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. "रोज माझ्या गाडीत बसायचा. पोरांची चौकशी करायचा. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही म्हणे. चांगला माणूस आहे. पण वर्ष मिळालं असतं मला... वर्षात माणूस काय नाय करू शकत?" ते थांबले. मग आईला म्हणाले, "त्याला चहा दे."

त्यानंतर बाबा पुन्हा भिंतीकडे वळले नाहीत. बसूनच राहिले.

मी निकेतला खाली सोडायला गेले. आमच्या चाळीच्या जिन्यात बल्ब नाही, खालच्या घराच्या दारातून पडेल तेवढाच उजेड. तो दोन पायऱ्या खाली उभा होता, म्हणून आमचे डोळे बरोबर समोरासमोर येत होते.

"थांबता येणार नाही का तुला?" त्यानं विचारलं. "हॉस्टेल बघू, काहीतरी..."

"आणि बाबांना असं आईच्या एकटीच्या गळ्यात टाकू? बघितलंस ना त्यांना?"

"बघितलं."

"मग विचारू नकोस."

खालच्या घरात कुणीतरी लसणाची फोडणी दिली. मला अजून राग होता. पण तो आत्ता वर जाऊन, अनोळखी माणसांसमोर उभा राहून जे बोलला होता, ते बोलायला काय लागतं, हेही मला कळत होतं.

"काल तू ते सांगणार होतास," मी म्हणाले. "फक्त तेच?"

"आधी ते." तो जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. "मग दुसरं. दुसरं सांगायचा हक्क पहिलं सांगितल्यावर मिळेल, असं वाटलं होतं."

"मग आता सांग."

"आता? आता कुठल्या तोंडानं..."

"निकेत, पुन्हा लपवणार आहेस?"

त्यानं वर बघितलं. "तू मला आवडतेस. फार. तू फाईल पाठवलीस की ती मी सगळ्यात आधी उघडायचो. तुझ्या चुका काढताना मला वाटायचं, मी तुझ्यासाठी काहीतरी करतोय. आणि मी तुझं वाटोळं करत होतो."

मला रडू आलं. या वेळी मी पुसलं नाही.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "आणि मी तुझ्यावर भयंकर चिडलेय. दोन्ही आहे. त्यातलं एकच निवडून तुला बरं वाटेल असं मी सांगणार नाही."

तो हसला, अगदी थोडंसं. मग हात पुढे केला आणि मी तो धरला. गार होता. आम्ही तसेच उभे राहिलो, वरून आईनं हाक मारेपर्यंत.

दिवाळी गेली. आमच्याकडे दिवे लावले होते, फराळ शेजाऱ्यांकडून आला. सामान टेम्पोनं पुढे गेलं आणि आम्ही तिघं काशीमिऱ्याच्या नाक्यावर गुहागरच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. बाबांनी दाढी केली होती. सकाळपासून दोनदा ते गाडी किती वाजता ते विचारून झाले होते. निकेत आधीच येऊन थांबला होता. त्यानं काही आणलं नव्हतं, म्हणून मला बरं वाटलं. काही आणलं असतं तर ते मला सहा महिने बघत बसावं लागलं असतं.

"मोबाईलवर लिहून पाठवत राहीन," मी म्हणाले. "तू चालवायचं आणि काय येतं ते कळवायचं. सगळं. हात लावायचा नाहीस."

"नाही लावणार."

"मला रडू आलं तरी."

"तरी," तो म्हणाला, पण त्याला ते जड गेलं.

गाडी आली. कंडक्टर दारातूनच ओरडत होता. बाबा चढले, आईनं पिशव्या वर दिल्या. मी पाठीवर सॅक टाकून पुढे झाले आणि मला माझ्या मागे निकेतचा हात उचलल्याची चाहूल लागली. वळून बघितलं तर तो हात हवेतच थांबला होता. त्यानं तो मागे घेतला आणि खिशात घातला.

"समिधा," तो म्हणाला, "तुझ्या सॅकची चेन उघडी आहे. मागची. कपडे बाहेर येतायत."

मी सॅक खाली उतरवली. भर नाक्यावर, गाडीच्या दारासमोर गुडघ्यांवर बसले. बाहेर आलेली बाही आत कोंबली. चेन मध्येच अडकली, मागे घेतली, पुन्हा ओढली. कंडक्टर "ताई, चला की, टाईम झाला," म्हणत होता. निकेत दोन पावलांवर उभा राहून बघत होता, खिशातले हात बाहेर न काढता. चष्म्याच्या आत त्याचे डोळे भरून वाहत होते, ते पुसायलासुद्धा त्यानं हात काढला नाही.

चेन लागली. मी उठले.

"एप्रिलमध्ये," तो म्हणाला.

"येते," मी म्हणाले आणि गाडीत चढले.